पंखावरचा डाग

सागाच्या पानाखाली ती परत आली आहे. आठ दिवसांपूर्वी एका दुपारी मी वरवटहून स्कुटी काढली, सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याकाठी उभी केली आणि ओल्या रानात वाकून एकेक पान उलटं करत गेले. कुठे कोळी, कुठे अळ्यांनी खाऊन केलेली नुसती जाळी. मग एका पानाखाली ती दिसली. तिळाएवढी माशी, मधाच्या रंगाची. पानाच्या शिरेवरून चालत आली, थांबली, डावा पंख वर केला, खाली घेतला, मग उजवा. मी तिला म्हटलं, "आलीस का बाई? तुझी वाट पाहणारा माणूस नाही आता." आणि तिथंच चिखलात बसून रडले. रानात रडण्याचं एक बरं असतं, कोणी पाण्याचा पेला घेऊन धावत येत नाही.

भादवा लागला की आमच्याकडे सगळंच थोडं पिकल्यासारखं होतं. मूग निघालेला असतो, सोयाबीन पिवळं पडायला लागतं, कपाशीला बोंडं धरलेली असतात. गावात विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं धम्मग्रंथाचं वाचन चालू असतं. संध्याकाळी पांढरी लुगडी नेसलेल्या बाया चपला दाराशी काढून आत जातात आणि आतून एकसुरी वाचनाचा आवाज रस्त्यावर येतो. रानात सागाला पांढरा फुलोरा येतो. खाली कुजलेल्या पानांतून भुईछत्र्या वर आलेल्या असतात आणि त्यांचा एक दमट, शिळ्या भाकरीसारखा वास नाकात बसतो. हा वास मला मागच्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हता. सारं आयुष्य या डोंगराच्या नजरेत काढलं, पण पानाखाली कोण राहतं हे पाहायला मी कधी वाकले नव्हते. वाकवलं ते यांनी.

हे, म्हणजे माझे मिस्टर, सुखदेवभाऊ फोटोवाले. वरवटात यांचं फोटोचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांत असं घर क्वचितच, ज्याच्या भिंतीवर यांनी काढलेला फोटो नाही. साक्षगंध, लग्न, शाळेचा निरोप समारंभ, आणि गेलेली माणसं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा सुटली की दुकानात यांच्या शेजारी स्टुलावर बसून भाजी निवडायची आणि यांचं काम पाहायची. हे कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करायचे आणि साफ करत जायचे. नवरीच्या गालावरची पुटकुळी गेली, नवरदेवाच्या कपाळावरचा लहानपणचा व्रण गेला, मामीच्या हनुवटीवरचा तीळ गेला. हात इतका बसलेला, की माझ्याशी बोलता बोलता पुसायचे. गेलेल्या माणसाला तर कोटच चढवायचे. यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक निळा कोट होता, लाल टायचा. अर्ध्या तालुक्यातली मेलेली माणसं त्या एका कोटात बसली आहेत.

"अहो, त्या बुढ्यानं जन्मभर बंडी घातली. त्याले कायले कोट?" मी म्हणायची.

"जिवंतपनी नाई भेटला म्हनूनच तं," हे म्हणायचे.

मी पुन्हा भाजी निवडायला लागायची.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि दुकानात पासपोर्टच्या फोटोपुरतीही माणसं येईनाशी झाली. शटर खाली आलं. त्याच सुमारास साखरेनं यांच्या डोळ्यांचा ताबा घेतला. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं म्हणून सांगितलं. लांबचं सगळं ओल्या काचेतून पाहिल्यासारखं झालं, फक्त अगदी जवळ धरलेली वस्तू तेवढी दिसायची. फोटोवाल्याचे डोळे जावेत, म्हणजे काय म्हणावं याला! माझा त्या दिवसांत सगळ्यांवर राग होता. साखरेवर होता, डॉक्टरांवर होता, चोरून पेढा खाणाऱ्या यांच्यावर तर होताच. हे मात्र अंगणातल्या खाटेवर गप्प बसलेले असायचे. बोलणारा माणूस गप्प झाला की घर खायला उठतं.

आमची मुलगी प्रज्ञा नाशिकला नर्स आहे. तिनं एक छोटं भिंग पाठवलं, फोनच्या डोळ्यावर चिमट्यानं लावायचं. जवळचं दिसतं ना, मग जवळचंच पाहा, म्हणाली. यांनी ते आधी पेरूच्या पानावर लावलं, मग मुंगीवर, मग भिंतीवर बसलेल्या माशीवर, आणि तिथंच अडकले.

"माश्याच काऊन?" मी विचारलं. "जगात एवढी फुलपाखरं हायेत."

"फुलपाखरू उडानटप्पू असते. पाखरू दूर. माशी बरी वं. येते, बसते, हात चोयते, गिऱ्हाइकावानी."

प्रज्ञानं फोनवर एका गटात यांचं नाव घालून दिलं. तिथं देशभरातले लोक किड्यांचे फोटो टाकतात आणि जाणकार माणसं ते ओळखून देतात. माश्यांच्या बाबतीत तिथं एका बाईंचा शब्द शेवटचा. त्या दूर आसामात राहतात. इंग्रजीत दोन ओळी लिहितात, फालतू बोलत नाहीत. मी वाचून दाखवायची, हे ऐकायचे. बाईंनी कधी "फोटो छान" म्हटलं, की त्या दिवशी माझ्या हातची कारल्याची भाजीसुद्धा गोड लागायची.

श्रावणात आम्ही पहिल्यांदा नाल्याकाठी गेलो. स्कुटी मी चालवायची, हे मागे बसायचे. गावातल्या पारावर दोघंतिघं हसले. मी स्कुटी थांबवून विचारलं, "काय झालं बे?" मग नाही हसले. रानात गेल्यावर यांनी सागाचं एक पान डोळ्यांशी नेलं आणि ती सापडली. पंख वर, पंख खाली. हे लहान मुलासारखे मोठ्यानं ओरडले, "अवं पाह्य, हात हालवून राह्यली थे! बस सुटल्यावर बाया हालवते तशी!" फोटो यांनीच काढला. शेवटचा फोटो, जो यांनी स्वतः पाहून काढला. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं.

घरी येऊन यांनी तो कॉम्प्युटरवर घेतला, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ बसले आणि नेहमीसारखा साफसूफ करून बाईंना पाठवला. उत्तर आलं. बाईंनी चक्क पूर्ण नाव दिलं, लांबलचक लॅटिन नाव. हे ते पाठ करत घरभर फिरले. विहारात वाचन संपल्यावर सगळ्यांना सांगितलं. माश्यांना नाव असतं हे ऐकून बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पण मला त्यांचा राग आला नाही. किती दिवसांनी हे चारचौघांत बोलत होते. मी मनात म्हटलं, हसा बायांनो, खुशाल हसा.

मग एका सकाळी हे उठले आणि म्हणाले, "लाईट गेली का वं?" उन्हं अंगणात आलेली होती. पडद्यात पुन्हा रक्त उतरलं होतं. अकोल्याला गेलो, सुया झाल्या, आणि हाती राहिला तो फक्त उजेड-अंधारातला फरक. परत येताना गाडीत हे माझा हात धरून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत हात धरायची ही पहिलीच वेळ.

त्याच वर्षी, लागून आलेल्या भादव्यात रानात जायचं खरं तर कारण उरलं नव्हतं. मीच म्हटलं, "चला. तुम्ही पान धरा, म्या फोटो काढतो." वऱ्हाडात आम्ही बायासुद्धा स्वतःला असं पुरुषासारखं बोलतो कधीकधी. पुण्याच्या एका प्रशिक्षणात त्यावरून मला चांगलंच हसले होते. तर, यांनी पान धरायचं. डोळे गेले होते, पण हात दगडासारखा स्थिर होता. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं पानाचा काठ हलकेच वर वळवायचे, आणि मी खाली पाचोळ्यात आडवी होऊन फोन धरायची. या वयात! लुगड्याला चिखल, केसांत काटक्या. हे वरून सूचना द्यायचे.

"श्वास सोड, मंग दाब. आधी दाबू नको."

"दाबला."

"घाई केली तुनं. आवाजावरून समजते मले." मग पानाकडे वळून, दुकानातल्या त्याच मऊ आवाजात, "ताई, थोडं इकडं पाहा. हां. हनुवटी खाली."

मी हसले की फोन हलायचा आणि यांची बोलणी बसायची.

त्यातला एक बरासा फोटो मी गटावर टाकला. बाईंचं उत्तर आलं, ही तुमची आधीची माशी नाही, हिच्या पंखाच्या टोकाला काळा डाग आहे. आधीचीला डाग नव्हता, म्हणून ते नाव दिलं होतं. मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, "जागा तेच, झाड तेच, पंख हालवनं तेच. डाग कसा हाये?"

"काजळाचं बोट टेकवल्यावानी. टोकाजवळ."

"दोन्ही पंखाले?"

"हाव."

मी शेंगा सोलत होते. मग यांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "म्याच पुसला वं तो."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि हातातली शेंग हातातच राहिली. कॉम्प्युटरवर त्या माशीचा पंख मोठा केल्यावर यांना टोकावर काळं दिसलं असणार, आणि हातानं आपलं काम केलं. नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसतात तसा माशीच्या पंखावरचा डाग पुसला. विचारसुद्धा न करता. मूळ फोटोही उरला नव्हता, साफ केलेला त्याच्यावरच ठेवून द्यायचा आणि फोनमधला उडवायचा ही दुकानातली शिस्त. हे आधी हसले. पोट धरून हसले. म्हणाले, "सारी जिंदगी लोकायच्या ओळखीच्या खुणा पुसल्या म्या. पोलिसायले सापडली नसती माही गिऱ्हाइकं!" आणि हसता हसता आवाज फाटला. मी उठून जवळ गेले नाही. गेले असते तर दोघंही रडलो असतो, आणि दूध गॅसवर होतं.

यांनी मला बाईंना खरं लिहायला लावलं. बाई रागावल्या नाहीत. लिहिलं, असं होतं, पण आता आधीचं नाव मागे घ्यावं लागेल. डागवाल्या अशा माश्या बऱ्याच असतात, कूळ सांगता येतं, जात फोटोवरून सांगता येत नाही. मी वाचून दाखवलं आणि हे म्हणाले, "मस्त हाये की माशीचं! आपल्याले तं नाव सांगायच्या आधी जात इचारते लोक." मीही हसले. पण हसून झाल्यावर शाळेत पहिल्या दिवशी मला माझं आडनाव दोनदा विचारणारे मुख्याध्यापक मला आठवले. यांना काय आठवलं ते यांनी सांगितलं नाही.

बाईंनी शेवटी लिहिलं होतं, अशी माशी तुमच्या भागातून मी आजवर पाहिलेली नाही. खात्री करायची असेल तर एक नमुना पाठवा. नमुना म्हणजे माशी. मारून, छोट्या शिशीत घालून. नाहीतर पंख पूर्ण पसरलेला, प्रत्येक शीर दिसेल असा फोटो. तसा मिळाला तर प्रयत्न करून पाहता येईल.

त्या दिवसापासून यांना एकच ध्यास लागला. माशीचं नाव. "आपन पुसलं, तं आपनच लावून देऊ," म्हणायचे. मला नमुन्याचा रस्ता सरळ वाटत होता. एका दुपारी मी औषधाची रिकामी डबी पिशवीत घातली आणि पानाखाली माशी दिसताच अलगद डबीत घेतली. झाकण लागल्याचा टक् आवाज झाला.

"काय केलं?" यांनी विचारलं.

"धरली. पाठवून देऊ. नाव भेटन."

"सोड."

"अहो, एक तिळाएवढी माशी..."

"सकायी उठून पंचशील म्हनतो, पाणातिपाता म्हनतो, अन् माशी मारू? सोड तिले."

"अन् ती रॅकेट? रोज रात्री चटचट डास मारता ते?"

"डास मले चावते. हे बिचारी हात हालवून राह्यली नुसती." मग थोडं थांबून, "तिचं नाव सापडावं म्हनून तिलेच मारायचं, हे काय ओयख झाली का वं?"

मला राग आला. असा राग आला की सांगता सोय नाही. डोळे गेलेल्या माणसाला आयुष्यात एक गोष्ट हवी आहे, ती माझ्या हातातल्या डबीत आहे, आणि हा माणूस तत्त्व सांगतोय! मी झाकण उघडलं. ती क्षणभर काठावर बसली, पंख वर केला, खाली केला आणि गेली. आम्ही घरी निघालो. यांनी मागे बसून दोनदा विचारलं, "रागावली का वं?" मी हॉर्न वाजवला.

मग उरला फोटोचा रस्ता. भादवा संपेपर्यंत आणि पुढे आश्विनातही जमेल तितक्या दुपारी आम्ही जात राहिलो. फोटो पुष्कळ निघाले. संध्याकाळी खाटेवर बसून मी एकेक सांगायची. पंख मिटलेला. पुसट. माशी गेली, नुसतं पान. पंख उघडा पण अर्धा. हे डोळे मिटून ऐकायचे, जणू मिटल्यानं जास्त दिसणार. "माहा अंगठा आला का त्याच्यात?" हे विचारायचे. "आला असन तं काप. फोटोत फोटोवाला दिसू नये." मी कापायची. बरा वाटलेला फोटो चारी बाजूंनी कापून, फक्त माशी ठेवून, बाईंना पाठवायची. बाई लिहायच्या, अजून एक शीर दिसत नाही. किंवा, जवळ आलात, पण नाही. हे दर सकाळी चहाआधी विचारायचे, "आलं का उत्तर?" मी फोन पाहून सांगायची. "आलं. नाही म्हनलं." किंवा "आलंच नाही." हे "बरं" म्हणायचे आणि चहा ओढायचे.

आश्विनी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा समारोप झाला, खीर वाटली. रानातली पानं करकरीत झाली, भुईछत्र्या वाळल्या, माश्या दिसेनाशा झाल्या. शेवटच्या दिवशी हे पानावरून हात फिरवत म्हणाले, "पुढच्या भादव्यात पाहू. तवा तिची बी तब्येत बरी असन अन् माही बी."

वैशाखात हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. साखरेनं डोळ्यांनंतर हृदयाकडे मोर्चा वळवला होता, आम्हाला कोणाला चाहूल दिली नाही.

आणि तेव्हा कळलं, की घरात यांचा फोटो नाही. सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा, भिंतीवर लावावा असा, एकही फोटो नाही. लग्नाच्या फोटोत आम्ही दोघंही भेदरलेले. बाकी सगळीकडे हे कॅमेऱ्यामागे. मलकापूरला स्टेशनजवळ गजूचा स्टुडिओ आहे. गजू यांच्या हाताखाली शिकलेला. तो धावत आला, यांच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो घेऊन गेला आणि पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी मोठी फ्रेम घेऊन परतला. वरचा कागद काढला.

चेहरा गोरा. मागे निळं आकाश. नाकाच्या बाजूचा तीळ नाही. भुवईतली खाच नाही. अंगात निळा कोट, लाल टाय. मी तो कोट ओळखला. माणूस नाही ओळखला.

"मन लावून केला काकू," गजू म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "काकांनीच शिकवलं मले हे सगळं."

मी फटकळ बाई, पण त्याला काय बोलणार? "चांगला झाला रे," म्हटलं. दुसऱ्या दिवशी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तो साहेब ठेवला, हार घातला. भन्तेजींनी परित्राण म्हटलं. गावानं हात जोडले. प्रज्ञा धाय मोकलून रडली. मला त्या फोटोसमोर रडूच आलं नाही. वाटत होतं, हा कोण पाहुणा आहे, आणि हे कुठं गेले?

तर आता पुन्हा भादवा. त्या दुपारी रानात एकटीनं फोटो काढायचा प्रयत्न केला. एका हातात फोन, एका हातात पान. पान काही केल्या स्थिर राहीना. मी श्वास सोडला, मग दाबलं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. धुकं आलं नुसतं. तरी ते धुकं रात्री गटावर टाकलं, का कोण जाणे. कदाचित कोणाला तरी कळवावंसं वाटलं की ती परत आली आहे.

दुसऱ्या सकाळी बाईंचं उत्तर होतं. हा फोटो अस्पष्ट आहे. पण मागच्या वर्षीचे तुमचे फोटो फार कापलेले होते. कापल्यानं बारकावे जातात. तुमच्याकडे न कापलेले मूळ फोटो असतील तर ते पाठवा.

मूळ फोटो फोनमध्येच होते, कापायची ती प्रत वेगळी निघायची. माझे फोटो यांच्या कॉम्प्युटरवर गेलेच नव्हते, म्हणून कोणी पुसले नव्हते. चहा ओट्यावर ठेवून मी ते एकेक उघडायला लागले.

प्रत्येक फोटोत अंगठा होता.

यांचा उजवा अंगठा. दुकानातल्या पेपर कटरखाली एकदा सापडला होता, तेव्हापासून नख मधोमध दुभंगून यायचं, दोन छोट्या पाकळ्यांसारखं. नखाच्या बाजूला जुन्या फिल्म धुवायच्या औषधानं पडलेला कायमचा काळपट डाग. कोवळं पान चुरगळलं की साग लाल रंग सोडतो, तो बोटाच्या रेघांत भरलेला. पान धरलेला अंगठा. पान सोडणारा अंगठा. एका फोटोत माशी उडून गेलेली, आणि अंगठा तसाच, वाट पाहत. मागे कुठे यांच्या शर्टाची बाही, पुसट. मी हे सगळं रोज संध्याकाळी कापून टाकत होते. यांच्या सांगण्यावरून.

चहावर साय आली. मी मोठ्यानं रडले. शेजारची वच्छला आली, तिला हातानं जा म्हटलं. वैशाखात जे रडू आलं नव्हतं ते सगळं आलं.

शेवटाकडे एक फोटो होता, जो मी कधी बाईंना पाठवलाच नव्हता, कारण त्यात पानच नव्हतं. माशी पानावरून उतरून यांच्या अंगठ्यावर आली होती. दुभंगलेल्या नखावर उभी होती आणि पंख पूर्ण वर केलेला. टोकाचा काळा डाग, आणि पंखातल्या शिरा, सगळ्या, स्वच्छ. मी तेव्हा घाईत पाहिला असणार आणि माणसाचा हात आला म्हणून बाजूला टाकला असणार. यांना सांगितलंच असेल, "बाद." यांनी "बरं" म्हटलं असेल. नेमका हवा तो फोटो यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर निघाला होता, आणि दोघांपैकी कोणाला पत्ता नव्हता.

तो पाठवला. न कापता. दुपारी उत्तर आलं.

बाईंनी लिहिलं, आजवरचा हा सर्वांत चांगला फोटो. पंख पूर्ण दिसतो. तरीही जात सांगता येत नाही. मला माहीत असलेल्या कोणत्याही माशीशी हा पंख जुळत नाही. कोणी नमुना पाठवेपर्यंत ही नुसत्या कुळाच्या नावाखाली राहील. खाली एक ओळ होती, अंगठा कोणाचा आहे? मापासाठी उपयोगी पडतो.

मी लिहिलं, माझ्या मिस्टरांचा. ते गेले.

नाव नाही मिळालं. यांना सांगायचं होतं ते राहिलं, आता राहिलंच. डबी अजून पिशवीत आहे. रान वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि ती पानाखाली आहे. मी आज मनात आणलं तर उद्या नमुना पाठवू शकते. मला ते करायचं नाही. यांनी सोड म्हटलं होतं.

मी स्कुटी काढली आणि सरळ मलकापूर गाठलं. गजूला फोनमधला फोटो दिला, म्हटलं, भिंतीवर लावायचा आहे, मोठा कर. त्यानं तो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, आणि खुर्चीवर मागे टेकून बघत राहिला. त्यानं अंगठा ओळखला. लगेच ओळखला. नाक पुसलं, मग सवयीनं त्याचा हात त्या उंदरावर गेला, कॉम्प्युटरच्या.

"काकू, नखाचा डाग थोडा हलका करतो. अन् हे माशी काढून टाकू ना?"

"हात लावशील तं पाह्य," मी म्हटलं.

त्यानं हात मागे घेतला. आणि जसाच्या तसा काढून दिला.

आता साहेबांची फ्रेम कपाटावर आहे, आणि भिंतीवर हा आहे. आल्यागेल्याला वाटतं बाईचं डोकं फिरलं. कोणाचा फोटो म्हणून विचारतात, मी म्हणते, यांचाच. हार मी थोडा खालून बांधते, पंख झाकू नये म्हणून.